म्हाताऱ्या टर्बोचा हिशेब

मंडळी, जुन्या गाड्यांच्या बाजारात एक चमत्कार रोज बघायला मिळतो. २००७-०८ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया, डिझेल, टर्बो, दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज, आणि किंमत लाख-दीड लाखाच्या घरात. म्हणजे आज शोरूममधून नवी निघणारी चांगली इलेक्ट्रिक स्कूटर आणि एके काळी कारखानदारांच्या दारात उभी राहणारी ही सेडान, दोन्ही एकाच भावात! चार-पाच वर्षं नोकरी झालेल्या, खिशात थोडे पैसे खुळखुळायला लागलेल्या माणसाला मोह होणारच. तो कोल्हापूरचा असेल तर जरा जास्तच :-)

मग तो चार लोकांना विचारतो. चारही जण एकच सांगतात, "घेऊ नकोस, मेंटेनन्स परवडणार नाही." उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. कुठला मेंटेनन्स? आणि तो का परवडत नाही? त्याच कंपनीची वीस वर्षांची एक गाडी अजून कोल्हापूर-पुणे करून येते आणि तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान असलेली दुसरी गाडी गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकून धूळ खाते, असं का? याचं उत्तर मिळवायला थोडा इतिहास चाळावा लागतो. तो निम्मा युरोप-अमेरिकेत घडला आणि निम्मा कोल्हापूरच्या उद्यमनगरात.

आधी टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात. इंजिनातून निघणारा गरम धूर एरवी वाया जातो. त्या धुरानं एक छोटी चक्की फिरवायची, तिच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा लावायचा, आणि त्या पंख्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. इंजिन मात्र तेवढंच. आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. पुढची पाच-सहा दशकं टर्बो जहाजांत, विमानांत, रेल्वे इंजिनांत आणि ट्रकांत राहिला.

कोल्हापूरकरांनी टर्बो आधी रेल्वे स्टेशनवर पाहिलाय, फक्त नाव माहीत नव्हतं. महालक्ष्मी किंवा कोयना एक्स्प्रेस ओढणारं ते डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिन आठवा. १६ सिलिंडर, २,६०० हॉर्सपॉवर आणि टर्बो. गाडी सुटताना काळ्या धुराचा लोट उठायचा ना? ड्रायव्हरनं डिझेल वाढवलेलं असायचं, पण टर्बोनं अजून वेग धरलेला नसायचा. हवा कमी पडायची आणि अर्धवट जळलेलं डिझेल काळं होऊन बाहेर यायचं. यालाच पुढे गाड्यांच्या जाहिरातींनी 'टर्बो लॅग' असं गोंडस नाव दिलं. पण या गोष्टीतला माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा भाग धूर नाही. त्या टर्बोच्या पाठीशी पुण्याची डिझेल शेड होती. ठरलेल्या दिवशी इंजिन आत जाणार, ठरलेलं ऑइल बदललं जाणार, आणि ते उघडणाऱ्या फिटरला त्याचं शिक्षण मिळालेलं असणार.

गाडीत टर्बो आला तेव्हा ही शेडच गायब झाली.

१९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सनं ओल्ड्समोबील जेटफायर नावाची टर्बो गाडी विकायला काढली. आधुनिक अर्थानं अगदी सुरुवातीच्या दोन टर्बो कार, त्यातली ही एक. (दुसरी त्यांचीच शेव्हरले कॉर्व्हेर.) दाबलेली हवा गरम होते आणि इंजिन ठोकायला लागतं, म्हणून जेटफायरमध्ये पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण फवारायची सोय होती. त्यासाठी बॉनेटखाली वेगळी टाकी. मालकानं एवढंच करायचं, टाकी भरलेली ठेवायची. लोकांनी ती भरलीच नाही! टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप कमी व्हायचा आणि मालक म्हणायचे, गाडी ओढत नाही. शेवटी कंपनीनं अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. दोन वर्षांत मॉडेल बंद.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट चांगलीच ओळखीची वाटेल. डिझाइन कागदावर बरोबर असतं, फक्त "युजर मॅन्युअल वाचेल" एवढं एक गृहीतक चुकतं.

पुढे १९७८ मध्ये साबनं ९९ टर्बो बाजारात आणली, त्याच वर्षी मर्सिडीजची ३०० एसडी ही टर्बो डिझेल सेडान आली, आणि १९८९ मध्ये आउडीनं १०० मॉडेलमध्ये टीडीआय इंजिन बसवलं. टीडीआय म्हणजे टर्बो, थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाणारं डिझेल आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक ताबा. याच घराण्यातलं १.९ लिटरचं इंजिन आपल्या ऑक्टाव्हियात बसून महाराष्ट्रात आलं.

तिकडे जायच्या आधी जरा कोल्हापुरात डोकावू.

कोल्हापूरला यंत्र उघडून बघायची जुनी खोड आहे. बाबूराव पेंटरांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. कोल्हापुरात बनवलेल्या कॅमेऱ्यानं चित्रीकरण करून त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. तीच खोड शेतात उतरली. पंचगंगा-भोगावतीच्या काठी ऊस वाढला, उसाला पाणी हवं, पाण्याला पंप हवा आणि पंपाला इंजिन. शेजारी किर्लोस्करवाडी १९१० मध्येच उभी राहिली होती. पण शेतकऱ्याचं इंजिन भर हंगामात बंद पडलं तर कंपनीच्या माणसाची वाट कोण बघणार? मग उद्यमनगरातल्या मेस्त्र्यांनी ती इंजिनं उघडली, दुरुस्त केली आणि पुढे स्वतः बनवली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं कोल्हापूरच्या उद्योगाच्या इतिहासात पहिल्या पानावर येतात ती याच परंपरेमुळे. पद्धत साधी होती. उघडायचं, मोजायचं, लाकडाचा साचा करायचा, बीड ओतायचं, लेथवर चढवायचं आणि बसवून बघायचं. नाही जमलं तर पुन्हा.

या पद्धतीतून आज शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल भागात सुमारे ३०० फाउंड्र्या उभ्या आहेत. सिलिंडर हेड, ब्लॉक, फ्लायव्हील, निरनिराळी हाउसिंग इथून देशभरच्या आणि बाहेरच्याही गाड्यांत जातात. मेनन पिस्टन्स आणि मेनन बेअरिंग्ज या कंपन्या तर थेट इंजिनाच्या पोटातले भाग बनवतात. थोडक्यात, हे गाव गाडी नुसती चालवत नाही, गाडीला आतून ओळखतं.

म्हणून प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर किंवा महिंद्राची जीप इथे कधी 'म्हातारी' झालीच नाही. पार्ट मिळाला तर बसवला, नाही मिळाला तर बनवला. आमच्या भाषेत त्या ओपन सोर्स गाड्या होत्या. आतलं सगळं दिसत होतं आणि कुणीही बदलू शकत होतं.

आणि मग २००१ आलं. स्कोडानं औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला कारखाना सुरू केला आणि ऑक्टाव्हिया जुळवायला घेतली. दहा लाखांच्या पुढची गाडी, ९० हॉर्सपॉवर, पण ओढ अशी की चढावर खालचा गिअर शोधावा लागू नये. पाठोपाठ २००२ मध्ये ह्युंदाईची अॅक्सेंट सीआरडीआय आली. योग असा की त्याच सुमाराला रस्तेही बदलत होते. २००२ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण झाला, आणि पुणे-कोल्हापूर महामार्ग सुवर्ण चतुष्कोनात चौपदरी होत गेला. सुमारे २३० किलोमीटर अंतर, मध्ये कात्रज आणि खंबाटकी, आणि लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर सहज देणारी डिझेल सेडान. ज्यांना आठवड्यातून एकदा पुण्या-मुंबईला जावं लागायचं त्यांच्यासाठी ही गाडी म्हणजे घरची आगगाडीच होती. २००४ मध्ये १५० हॉर्सपॉवरची पेट्रोल टर्बो आरएसही आली, पण ती हौशी लोकांची. कष्ट केले ते डिझेलनं.

या पहिल्या ऑक्टाव्हिया आता चांगल्याच जुन्या झाल्या आहेत. त्यांची दुखणी ठरलेली आहेत:

१. टर्बो. याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या घेऊ शकतो. त्याला बॉल बेअरिंग नसतं, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. हायवेवर तासभर दामटलेली गाडी मिसळीसाठी थांबवली आणि लगेच चावी फिरवली, तर ऑइलचा पंप थांबतो, टर्बो मात्र तापलेलाच राहतो. आत अडकलेलं ऑइल भाजून काजळी धरतं. असं शेकडो वेळा झालं की ऑइलची वाट अरुंद होते, दांडा घासतो, सील जातं आणि मागून निळा धूर येतो. उपाय फुकट आहे: शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवा किंवा मिनिटभर इंजिन चालू राहू द्या.

२. रबर आणि प्लास्टिक. टर्बो ताब्यात ठेवणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या आणि इंटरकूलरचे जाड पाइप उष्णतेनं तडकतात. हवा गळते, गाडी ओढत नाही आणि घाबरलेला मालक टर्बोच बदलून टाकतो. शंभर-दोनशे रुपयांच्या नळीपायी अख्खा टर्बो बदललेल्या गाड्या सापडतात.

३. हवेचा सेन्सर. किती हवा आत गेली ते मोजणारा हा सेन्सर मळतो किंवा मरतो. लक्षणं टर्बो गेल्यासारखीच.

४. टायमिंग बेल्ट. हा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. जुनी गाडी घेताना बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललेलाच नाही असं धरावं.

५. बाकी सगळं वयाचं. सस्पेन्शनचे बुश, काच वरखाली करणारी यंत्रणा, दाराच्या लॉकमधले बारीक स्विच, एसी.

ही यादी लांब वाटली तरी नीट बघा, यातलं प्रत्येक दुखणं स्पॅनर आणि थोडं डोकं वापरून सुटणारं आहे. टर्बो उघडून, नवा दांडा आणि सील घालून, बॅलन्स करून देणारे लोक आता महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. म्हणजे उद्यमनगरची पद्धत इथपर्यंत चालली. म्हणून ही म्हातारी अजून पुण्याला जाऊन येते.

पहिला तडा गेला तो २००५ मध्ये आलेल्या लॉरापासून. (लॉरा म्हणजे दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हियाच. आपल्याकडे जुनी अजून विकली जात होती म्हणून नवीला वेगळं नाव.) या गाडीत डिझेलचा एक सामाईक पंप गेला आणि प्रत्येक सिलिंडरला आपापला पंप-इंजेक्टर आला. तो फिरवायचं काम कॅमशाफ्टवर पडलं. त्यामुळे कॅमवर दाब प्रचंड वाढला आणि त्याला विशिष्ट प्रतीचंच ऑइल लागायला लागलं. ऑक्टाव्हियात चालून गेलेलं साधं ट्रकचं ऑइल इथे घातलं की कॅमचे उंचवटे हळूहळू झिजतात. बाहेरून काहीच कळत नाही आणि एक दिवस इंजिन खडखडायला लागतं. मेस्त्री तोच, हातही तेच. पण आता डब्यावरचा बारीक अक्षरातला नंबर वाचणं हा कारागिरीचा भाग झाला. ज्यांनी वाचला त्यांच्या लॉरा तीन-तीन लाख किलोमीटर गेल्या. बाकीच्यांनी जेटफायरचा इतिहास पुन्हा घडवला.

दुसरा तडा २००९ नंतरचा. १.८ टीएसआय, १६० हॉर्सपॉवर, पेट्रोल टर्बो. चालवायला काय इंजिन होतं! पण त्या काळातल्या या इंजिनांत तीन गोष्टी जगभर गाजल्या. पिस्टनची ऑइल रिंग फार बारीक, ती काजळीनं बुजायची, आणि गाडी हजार किलोमीटरला अर्धा-एक लिटर ऑइल प्यायची. बेल्ट जाऊन 'कायमची' चेन आली, पण तिला ताण देणारा टेन्शनर कच्चा निघाला. तो ढिला पडला की चेन दाते सोडायची, म्हणजे पुन्हा व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ. शिवाय पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतले जाईनात आणि त्यांच्यावर कार्बनचे थर बसायला लागले. ते काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या झोतानं मारतात. (खोटं वाटेल, पण खरं आहे.) पाण्याच्या पंपाचं घर प्लास्टिकचं, तेही उष्णतेनं तडकतं. ज्या गावात लोखंड ओतायच्या तीनशे भट्ट्या आहेत तिथे प्लास्टिकच्या घरासाठी कुरिअरची वाट बघत बसायचं!

आणि तिसरा तडा, सगळ्यात खोल, तो म्हणजे सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. सुपर्ब १.८ टीएसआय, पुढे व्हेंटो टीएसआय आणि २०१३ ची पेट्रोल ऑक्टाव्हिया यांत तो आला. दोन कोरडे क्लच आणि गिअर बदलणारं 'मेकाट्रॉनिक' नावाचं एक बंद खोकं. खोक्यात ऑइलचा दाब, व्हॉल्व्ह आणि कंट्रोलर, सगळं एकत्र. ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना कोरडे क्लच तापतात आणि खोकं रुसतं. चीनमध्ये या गिअरबॉक्सवरून एवढा गदारोळ झाला की मार्च २०१३ मध्ये फोक्सवॅगनला तिथल्या सुमारे ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी पुढे उष्ण-दमट देशांतल्या गाड्यांमध्ये सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल घालण्याची मोहीम निघाली, कारण सिंथेटिकमुळे आत विजेचा बिघाड होऊ शकत होता. वॉरंटी संपलेल्या गाडीला हे खोकं नवं घालायचं तर खर्च लाखाच्या वर जातो. आणि नवं खोकं नुसतं बसवून चालत नाही, त्याला गाडीशी ओळख करून द्यावी लागते, लॅपटॉप लावून.

इथे कोल्हापूरची पद्धत अडली. उघडा, मोजा, ओता, बसवा, यातलं काहीच लागू पडत नाही. सॉफ्टवेअर ओतता येत नाही.

आता एक वेगळं उदाहरण, म्हणजे दोष फक्त गुंतागुंतीचा नाही हे लक्षात येईल. फियाट लिनिया टी-जेट, २०१० सालची, पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातली. १.४ लिटर टर्बो पेट्रोल, ११४ हॉर्सपॉवर, साधा हाताचा गिअरबॉक्स. ना डीएसजी, ना बंद खोकं. इंजिनही कणखर. पण गाड्या थोड्या विकल्या गेल्या, आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले तोवर फियाटनं इथला गाशा गुंडाळला होता. याच फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल २००७ पासून मारुतीनं स्विफ्टमध्ये आणि टाटानं आपल्या गाड्यांत लाखोंनी वापरलं, म्हणून त्याचे पार्ट आजही तालुक्याच्या दुकानात मिळतात. टी-जेटचे मात्र शोधत फिरावे लागतात. इंजिन किती चांगलं यापेक्षा ते किती जणांकडे आहे, यावर त्याचं म्हातारपण ठरतं.

आता पैशांचा हिशेब. बाजारभाव गावागणिक बदलतात, म्हणून हे आकडे अंदाजाचे धरा.

समजा दीड लाखाला १.९ टीडीआय घेतली. टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप, पंधरा-वीस हजार. सस्पेन्शन, पंचवीस-तीस. टायर, वीस-पंचवीस. टर्बो उघडून घ्यावा लागला तर वीस-तीस. क्लच, पंचवीस-तीस. नळ्या, सेन्सर, ऑइल, फिल्टर मिळून दहा-पंधरा. झाली बेरीज एक लाख पंधरा हजार ते दीड लाख. म्हणजे पहिल्या वर्ष-दीड वर्षात तुम्ही तीच गाडी दुसऱ्यांदा विकत घेता. धक्का बसतो, पण त्यात अन्याय काही नाही. गाडीची किंमत दहा लाखांवरून दीड लाखावर आली, टर्बोची, क्लचची, बुशची किंमत तशी आली नाही. पार्टची किंमत गाडी नवी असतानाच्या किमतीशी जुळलेली असते, आजच्या नाही. दीड लाखाची गाडी घेताना तुम्ही दहा लाखांच्या गाडीचा संसार पत्करता. सगळं गणित या एका वाक्यात आहे.

तेच १.८ टीएसआय-डीएसजीला लावून बघा. गाडी तीन लाखांना मिळेल, पण पिस्टन रिंगचं काम निघालं किंवा खोकं गेलं तर एकेक बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. आणि ते कधी येईल हे सांगता येत नाही. ऑक्टाव्हियाचा खर्च मोठा असला तरी हप्त्यासारखा येतो, टीएसआयचा दरोड्यासारखा.

यात कागदांचा खर्च धरा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० झाली. महाराष्ट्रात २०१० पासून १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण करही आहे. विम्यात पाच वर्षांनंतर गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, पण दीड लाखाच्या गाडीला मोठी ठोकर बसली की दुरुस्तीचा आकडा किमतीच्या पुढे जातो आणि गाडी सरळ भंगारात निघते.

दोन गोष्टी खास आपल्याकडच्या. पहिली, पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते कोल्हापुरात सांगायला नको. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या पुसून-पासून बाजारात आल्या. सीटच्या रुळांत वाळलेला गाळ, बेल्ट पूर्ण ओढल्यावर दिसणारा डाग, गालिच्याखालचा वास, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. टर्बो एक वेळ दुरुस्त होतो, पण पाणी प्यायलेलं वायरिंग वर्षानुवर्षं छळतं. दुसरी गोष्ट, दिल्लीत एनजीटीच्या २०१५ च्या आदेशानं १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आली आणि तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत पसरल्या. किंमत फार गोड वाटली तर गाडी मूळची कुठली ते आधी विचारा.

आणि पेट्रोलवाल्यांसाठी एक गमतीशीर वळण. २०२५ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं. जुन्या टीएसआय आणि टी-जेटचे रबरी पाइप, सील, पंप या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, त्यामुळे तिकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि मायलेजही थोडं घटतं. हे इथेनॉल धान्यापासून बनतं तसंच उसाच्या रसा-मळीपासूनही बनतं. म्हणजे ज्या उसाला पाणी पाजायला कोल्हापूरनं इंजिन उघडायला शिकून घेतलं, तोच ऊस आता इंजिनाच्या पाइपात शिरलाय.

मग उद्यमनगरची परंपरा संपली का? तसं वाटत नाही. गेल्या काही वर्षांत एक नवी पिढी दिसायला लागलीय. एका हातात स्पॅनर, दुसऱ्या हातात लॅपटॉप आणि डायग्नोस्टिक केबल. ते एरर कोड वाचतात, पण कोडवर आंधळा विश्वास ठेवत नाहीत. आधी व्हॅक्यूमची नळी बघतात. मेकाट्रॉनिकचं खोकं उघडून आतला फक्त बिघडलेला भाग बदलणारे लोकही मोठ्या शहरांत तयार झालेत. लाखाचं खोकं फेकून न देता ते उघडायचं, ही हिंमत आणि म्हादबांच्या काळातली हिंमत एकच आहे. फरक एवढाच, की तेव्हा यंत्र बनवणाऱ्यानं ते उघडता येईल असं बनवलं होतं. आता उघडणाऱ्याला यंत्राशी आणि बनवणाऱ्याशी, दोघांशी झुंजावं लागतं. पार्ट, माहिती आणि सॉफ्टवेअर स्वतंत्र गॅरेजला मिळालं पाहिजे की नाही, हा प्रश्न म्हणूनच फक्त गाडीवेड्यांचा नाही. तो फोनचा आहे, ट्रॅक्टरचा आहे, आणि उद्या तुमच्या इलेक्ट्रिक स्कूटरचाही असणार आहे. ती तर जन्मतःच बंद खोकं आहे.

तर, घ्यावी का म्हातारी टर्बो? जरूर घ्या, हौस मोठी गोष्ट आहे. फक्त क्रम उलटा करा. लोक आधी गाडी पसंत करतात आणि मग मेस्त्री शोधतात. तुम्ही आधी मेस्त्री शोधा. तो कुठलं इंजिन उघडून पुन्हा जोडू शकतो ते बघा, त्याचे पार्ट किती दिवसांत मिळतात ते विचारा, आणि मग तीच गाडी घ्या. गाडीच्या किमतीएवढे पैसे बाजूला ठेवून घ्या. आणि घाट चढून आलात की मिनिटभर थांबून मग चावी फिरवा.

असो. पुढच्या वीकांताला भेटूच.